भुताचं गोत्र

।। श्री ।।

सप्तापूर, धारवाड
बुधवार, दुपारचे चार वाजून दहा मिनिटं (भिंतीवरच्या घड्याळात बारा मिनिटं, पण ते दोन मिनिटं पुढं आहे)

ती. श्रीहरीअण्णा यांस,

वादिराजचा नमस्कार. तू माझ्यापेक्षा चार महिने अकरा दिवसांनी मोठा, म्हणून 'तीर्थरूप' पूर्ण लिहिलेलं नाही; चार महिन्यांत 'ती.' एवढंच बसतं. तुझा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात तू 'बरा आहे' असं लिहिलं होतंस, पण उजवा की डावा ते लिहिलं नव्हतंस, त्यामुळं मी दोन्हींबद्दल काळजी करत बसलो. तेल कोमट करून, वाटीच्या भोवती गोल, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं चोळावं. उलट चोळलं तर जे बरं झालंय तेही परत येतं (हे कुठल्या डॉक्टरानं सांगितलेलं नाही, मी स्वतः वाचून, विचार करून ठरवलंय). सरितावहिनींचं ब्लडप्रेशर आता किती असतं? वरचा आणि खालचा, दोन्ही आकडे कळव. इकडं सगळं क्षेम. कुसुमची दाढ काढली (खालची, डावीकडची, मागून दुसरी), त्यामुळं ती आठवडाभर कमी बोलली. आता बरी आहे.

पत्र लिहायला बसलो त्याचं कारण म्हणजे आपला सिनेमा धारवाडात आलाय. थिएटरात नव्हे. आमच्याच गल्लीत, आमच्या घरापासून तिसऱ्या बंगल्यात. त्या सिनेमाची कन्नडमध्ये टीव्हीमालिका निघतेय, तेरा भागांची, आणि तिचं शूटिंग इथं गेले तीन आठवडे चालू आहे. तुला सिनेमा सांगायला नको, पण वहिनी पत्र वाचतील म्हणून त्यांच्यासाठी थोडक्यात लिहितो. परदेशात समुद्राकाठी एक जुनं घर. वरच्या मजल्यावरची एक खोली आठ वर्षं बंद. आत घरमालकाची मेलेली आत्या आहे, असं सगळ्यांचं म्हणणं. दोन तास नुसते आवाज, सावल्या आणि न हललेले पडदे. शेवटी एक म्हातारा पाद्री येतो, प्रार्थना म्हणतो आणि ते दार उघडतो. वहिनी, १९८९ साली हुबळीच्या कमरीपेठेत भांड्यांच्या दुकानावरच्या व्हिडिओ हॉलमध्ये मी आणि तुमचे यजमान एका बाकावर बसून हा सिनेमा पहिल्यांदा बघितला आणि त्यानंतर आम्ही दोघं पंधरा दिवस एकाच खोलीत झोपत होतो (तुमच्या यजमानांच्या आग्रहावरून).

ती पहिली वेळ धरून आजवर मी तो सदतीस वेळा बघितला. तारीख, वार, कुठल्या यंत्रावर, कुणाच्या घरी, सगळी नोंद वहीत आहे. माझं इंग्रजी मी त्यावरूनच शिकलो. आमचे मेहुणे प्राध्यापक गुरुराज (कुसुमचे थोरले बंधू, समोरच राहतात, निवृत्त झालेत पण शिकवायचे थांबलेले नाहीत) पाहुण्यांसमोर नेहमी म्हणतात, आमच्या वादिराजला इंग्रजी येतं हो, फक्त भुतांचं. मी हसतो. काय करणार? या गल्लीत दारावरच्या पाट्यांवर नाव एका ओळीत आणि पदव्या तीन ओळींत. माझ्या पाटीवर फक्त 'वादिराज गलगली', आणि पाटी पितळी, स्वतः कोरलेली. पण पितळेकडं बघतो कोण? आजवर माझं नाव छापून आलं ते दोनदाच. एकदा लग्नपत्रिकेत, एकदा मतदारयादीत (तिथं वय अकरा वर्षांनी जास्त आहे, सहा अर्ज दिले). दहावीच्या निकालात ते कसं आलं नाही हे तुला माहीतच आहे, तू शेजारीच उभा होतास.

तर झालं असं की हुबळीत गोकुळ रोडला माझ्या दारं-खिडक्यांच्या शेडवर या मालिकेचा एक माणूस आला आणि म्हणाला, करकरणारं दार पाहिजे. अण्णा, अठ्ठावीस वर्षं मी दारं करकरू नयेत म्हणून राबलो. माझं एकही दार आजवर करकरलेलं नाही. आधी मला अपमानच वाटला. पण कुठल्या सिनेमासाठी ते कळलं आणि मी हातातलं काम खाली ठेवलं. लोखंडी बिजागऱ्या चिंचेच्या पाण्यात मीठ घालून दोन दिवस भिजवल्या, वाळवल्या, परत भिजवल्या. मूळ सिनेमातला आवाज साडेतीन सेकंदांचा आहे, सुरुवातीला जाड आणि शेवटी वर चढणारा, थेट आमच्या गुरुराजभावजींच्या सकाळच्या खोकल्यासारखा. मी तो सेकंदासकट आणून दाखवला. दार बसवायला गेलो तेव्हा तिथला दिग्दर्शक अनिकेत (हुबळीच्या कापडवाल्यांचा मुलगा, बेंगळुरूत शिकून आलाय, वय तीस, दाढी चाळीसची) तो आवाज ऐकून खुर्चीतून उठला. विचारलं, हे तुम्हाला कसं माहीत? मी सांगितलं, सदतीस वेळा. त्यानं खुर्ची मला दिली.

इथं एक गोष्ट समजून घे. या अनिकेतनं मूळ सिनेमा बघितलेलाच नाही. मुद्दाम. मूळ बघितलं की नक्कल होते, असं त्याचं तत्त्व आहे. त्याच्याकडं बेंगळुरूहून आलेली पटकथा आहे, ती लिहिणाऱ्यानं सिनेमा लहानपणी बघितलेला. चॅनेलवाल्यांनी हक्क घेतलेत, पण त्यांनाही तो बघायला वेळ झालेला नाही. म्हणजे अख्ख्या युनिटात सिनेमा माहीत असणारा माणूस मी एकटा. अनिकेतनं मला 'तपशील सल्लागार' नेमलं आणि सांगितलं की मालिकेच्या सुरुवातीला नाव येईल, स्वतंत्र पाटीवर, चार सेकंद. तेरा भाग, म्हणजे बावन्न सेकंद. मी ते गुरुराजभावजींना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि विचारलं, कशाच्या आधारावर? सर्टिफिकेट काय? मी म्हटलं, टीव्हीवर बघा. तेव्हापासून गल्लीतले चार निवृत्त प्राध्यापक मालिका कधी लागणार याची माझ्याकडं चौकशी करतात. त्यातल्या एकाच्याही चेहऱ्यावर शुभेच्छा नाही.

कामाला लागलो आणि लक्षात आलं की इथं तपशिलाची नुसती दैना आहे. भुताचंच घे. आत्याबाईंचं काम जयलक्ष्मी म्हणून एक बाई करतात, शाळेत शिक्षिका आहेत, नाटकातून काम केलेल्या, फार सज्जन. त्यांना पांढरं पातळ नेसवून, केस सोडून उभं केलेलं. मी शूटिंग थांबवलं. पटकथेत आत्याबाई सवाष्ण गेल्या असं स्पष्ट लिहिलंय (पान चौदा). सवाष्ण बाई आपल्याकडं पांढऱ्या पातळात जाईल का? हिरवं लुगडं पाहिजे, कपाळभर कुंकू, हातभर बांगड्या, डोक्यात फुलं. अनिकेत म्हणाला, सर, घाबरणार कोण? मी म्हटलं, ज्याला खरं माहीत आहे तो घाबरेल. शेवटी हिरवी इरकल आणली, अबोलीचा गजरा आणला. दुपारच्या सुट्टीत जयलक्ष्मीबाई हवेला म्हणून बंगल्याच्या पायरीवर बसल्या, तर पलीकडच्या दोन बायका त्यांना मंगळागौरीला आलेली पाहुणी समजून घरी घेऊन गेल्या. भूत पाऊण तास बेपत्ता. परत आलं ते ओटीत नारळ घेऊन. त्या संध्याकाळी अनिकेतनं मला 'सर'च्या जागी 'अंकल' म्हटलं.

आता मुख्य भानगड. शेवटच्या प्रसंगात पाद्रीच्या जागी आचार्य आहेत. त्यांच्यासाठी बेंगळुरूहून एक नट आणलेला, जानवं उजव्या खांद्यावर घातलेला, आणि संध्येची पळी आइस्क्रीमच्या चमच्यासारखी धरलेली. मी सांगितलं, हे चालणार नाही, खरे आचार्य पाहिजेत. आणि आपले बाळाचार्य आणून उभे केले. तू त्यांना ओळखतोस, वय अठ्ठ्याहत्तर, आवाज अजून गल्लीच्या टोकाला ऐकू येतो. त्यांनी अट घातली की ते नाटकातलं काही म्हणणार नाहीत, शांती करायची असेल तर विधिपूर्वक. अनिकेतला हे फार आवडलं. दिवे लावले, कॅमेरा सुरू झाला, बाळाचार्यांनी आचमन केलं, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी सगळं बिनचूक सांगितलं, आणि मग पळी हातात धरून थांबले. मान वर करून अनिकेतकडं बघितलं आणि विचारलं, "भुताचं गोत्र काय?"

कुणालाच माहीत नव्हतं. अनिकेत म्हणाला, कुठलंही चालेल. बाळाचार्य म्हणाले, कुठलंही असं गोत्र नाही. मग त्यांनीच तोडगा काढला, की ज्याचं गोत्र माहीत नाही त्याला काश्यप म्हणायचं, शास्त्रात सोय आहे, चला. सगळे खूश झाले, दिवे परत लावले. तेव्हा मी उभा राहिलो. मी म्हटलं, माहीत नाही कसं? रस्त्यावरून आलेलं भूत आहे का हे? घरमालकाची आत्या आहे. आत्या लग्न झालेली आहे, म्हणजे गोत्र नवऱ्याचं. नवरा कोण, ते पटकथेत नाही. ही पटकथेची चूक आहे, शास्त्राची सोय चुका झाकायला नाही. बाळाचार्य म्हणाले, वाद्या, मुद्दा बरोबर आहे. एकदा बाळाचार्यांनी मुद्दा बरोबर म्हटल्यावर काय बिशाद कुणाची. बेंगळुरूला पटकथाकाराला फोन लावला. त्याला वाटलं आपली थट्टा चाललीय, त्यानं फोन ठेवला. परत लावला. तो म्हणाला, आत्याचा नवरा मी विचारात घेतलेला नाही, चॅनेलला विचारा. चॅनेल म्हणालं, लेखी पाठवा. भुताच्या गोत्राचं ईमेल मी सांगितलं आणि अनिकेतनं टाइप केलं. दोन दिवसांनी उत्तर आलं, भारद्वाज मंजूर.

तोवर माझ्या ध्यानात आलं की मृत्यूची तिथी नाही. परत ईमेल. ती आली तर ती अधिक महिन्यातली निघाली. अधिकातली तिथी पुढं कशी धरायची यावर बाळाचार्य आणि मी एक अख्खी दुपार बोललो आणि तीस माणसं उप्पीट खात बसून राहिली. मग दार कुठल्या दिशेला, हा प्रश्न मी काढला. मग समईत वाती किती. प्रत्येक मुद्दा माझा खरा होता, हे अनिकेतही नाकारत नाही. असे नऊ दिवस गेले.

काल शेवटी तो चहाचा कप घेऊन माझ्या शेजारी येऊन बसला. 'अंकल' नाही, 'सर' नाही, सरळ कानडीत 'वादिराजण्णा' म्हणाला. म्हणाला, गोत्र झालं, तिथी झाली, वाती झाल्या. आता येत्या सोमवारच्या पुढच्या सोमवारी सकाळी नऊला हा प्रसंग घ्यायचाच. बाळाचार्यांचा विधी संपतो, दार उघडतं. पटकथेत त्यापुढं फक्त 'आतलं भयंकर दृश्य' एवढंच लिहिलंय. "आत काय आहे ते मुळाबरहुकूम तुम्ही लिहून द्या," तो म्हणाला. "दिलंत तर पाटीवर तुमचं नाव. नाहीतर मी आत धूर सोडतो आणि एक सांगाडा बसवतो, आणि मग सल्लागार होता असं कुणाला सांगायला नको."

धूर आणि सांगाडा. आपल्या सिनेमात. मी त्याला सांगितलं, धूर विसर, कागद मिळेल.

असं सगळं चाललंय. बाकी सर्व ठीक. पेढे पाठवीन म्हटलं होतं, पण तुझी शुगर काय आहे ते कळल्यावर पाठवीन (उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची, दोन्ही). सरितावहिनींना नमस्कार, घरातल्या लहानांना आशीर्वाद. आमच्याकडं आम्ही दोघंच, लहान कुणी नाही, त्यामुळं तिकडून आशीर्वाद आले तर ते मलाच लागू धरीन.

तुझा
वादिराज

ता. क. : गुडघ्याला पट्टा बांधत असशील तर झोपताना सोडावा.

ता. क. २ : हा भाग वहिनींना दाखवू नकोस. अण्णा, दार उघडल्यावर आत काय आहे?

हे वाचून तू हसशील. हसून घे आणि मग पुढं वाच. कमरीपेठेत त्या दिवशी पाद्रीनं कडीला हात घातला आणि माझे डोळे मिटले. परत उघडले तेव्हा दिवे लागले होते आणि लोक चपला शोधत होते. त्यानंतर छत्तीस वेळा मी ठरवून बसलो, की आज बघायचं. भर दुपारी बघितला, खिडक्या उघड्या ठेवून बघितला, आवाज बंद करून बघितला. परवा तर एकटा बसून पापण्या बोटांनी धरून ठेवल्या. कडीला हात लागला की बोटंसुद्धा डोळ्यांवरच येतात. ऐकलंय मात्र सगळं. दार साडेतीन सेकंद करकरतं. मग बारा सेकंद एक बारीक टकटक येते, कोरडी, एका लयीतली. दात वाजताहेत की हाडं, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. मग पाद्री घोगऱ्या आवाजात एवढंच म्हणतो, 'मला क्षमा करा', आणि दार धाडकन बंद होतं. इतक्या मोठ्या पाद्रीला क्षमा मागायला लावणारं आत काय असेल? मला वाती मोजता येतात, ते पाहता येत नाही.

तेव्हा गोत्र, तिथी, अधिक मास, दिशा हे सगळं मी का काढलं ते तुला कळलं असेल. मुद्दे खरे होते, पण घाई मला नव्हती. आता काढायला काही उरलेलं नाही. तू त्या दिवशी माझ्या शेजारी बसला होतास आणि बाहेर आल्यावर म्हणालास, मी सगळं बघितलं बाबा. ते सगळं सविस्तर लिहून पाठव. आत कोण, उभं की बसलेलं, तोंड कुणीकडं, टकटक कशाची. त्या शूटिंगच्या सोमवारच्या आधी मिळालं पाहिजे, म्हणून स्पीडपोस्टनं. ते नाव पाटीवर आलं नाही तर मी या गल्लीतून जाताना तोंड कुठं लपवू? फोन करू नकोस. फोन माझ्याआधी कुसुम उचलते, आणि कुसुमला कळलं म्हणजे समोर गुरुराजभावजींना कळायला रस्ता ओलांडण्याइतकाच वेळ. तिची समजूत आहे की मी हा सिनेमा कोळून प्यायलोय. ती तशीच राहू दे.

ता. क. ३ : पाकिटावर तिकीट सरळ लाव. मागच्या वेळी वाकडं होतं.

~

श्रीहरीभावजी, नमस्कार.

पोस्टात टाकायला हे पाकीट माझ्याकडं दिलंय. डिंक नीट लागला नव्हता (त्यांनीच लावलेला), तो मी परत लावते, त्याआधी या चार ओळी. दाढ बरी आहे.

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला हा सिनेमा दाखवला. दार उघडलं तेव्हा मी काहीतरी विचारायला म्हणून त्यांच्याकडं वळले, तर डोळे गच्च मिटलेले, कपाळावर घाम. तेव्हापासून मला माहीत आहे. गुरुराजअण्णाला मी सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. तो बोलतो ते मला आवडत नाही.

तुम्ही काही लिहू शकणार नाही याचीही मला कल्पना आहे, कारण तुम्हीही त्या दिवशी डोळे मिटले होते. हे सरितावहिनींनी मला तुमच्या सत्यनारायणाच्या वेळी सांगितलं. तेव्हा अडचणीत पडू नका. खाली लिहिते ते तुमच्या अक्षरात उतरवून पाठवा, माझं नाव नको. अक्षर जरा घाईचं काढा, म्हणजे त्यांना खरं वाटेल.

दाराआड एक खोली आहे, ऊन आलेलं. एक बाई खिडकीकडं तोंड करून खुर्चीत बसली आहे आणि स्वेटर विणते आहे. टकटक येते ती विणायच्या सुयांची. ती वळूनसुद्धा बघत नाही. पाद्री 'माफ करा' म्हणतो, आपण चुकून कुणाच्या खोलीत शिरलो की म्हणतो तसं, आणि दार लावून घेतो. संपलं.

लोक याला का घाबरतात ते मला कळलेलं नाही. रोज दुपारी चारला मी तशीच बसलेली असते. पण त्यांना पाठवताना दोन ओळी भीतीच्या घाला, नाहीतर त्यांना फार वाईट वाटेल. त्यांचं नाव पाटीवर यायलाच पाहिजे. मी चार सेकंद मोजणार आहे.

गुडघ्याचं तेल कसंही चोळा.

कुसुम